काळी एक ते पांढरी सात

सूर ढळत नाही, ढळतो तो माणूस. हे वाक्य आमच्या संगीत महाविद्यालयाच्या दारावर संगमरवरात कोरलेलं होतं, आणि सहा वर्षं त्याच्याखालून जाता-येता मी त्याला मनोभावे नमस्कार करत आलो. पाटीचा डावीकडचा स्क्रू कधीच निघून पडला होता. त्यामुळे 'माणूस' जागच्या जागी होता आणि 'सूर' चार बोटं खाली आला होता.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, मी या पाटीखाली डोळे मिटून उभा होतो.

"शशी, सदरा उलटा घातलायस," वसुधा म्हणाली.

मी डोळे उघडून पाहिलं. शिवण बाहेर होती.

"असू दे," ती म्हणाली. "शिवणीचे मार्क कापत नाहीत. जा, वेळ झाली."

वसुधा शिरगुप्पे माझ्या वर्गात होती. वर्गात म्हणजे, शेवटच्या वर्षाला आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीचे शहाणे होऊन बी.एड.ला गेले होते. वसुधा चांगली गायची आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे, कारण माझा सूर पक्का आहे असं सगळे म्हणत. वसुधा बेफिकीर गायची, मी जपून गायचो. जपून गाणं हा गुण आहे अशी माझी त्या वेळी समजूत होती.

"पहिला वर्ग मिळायला हवा," मी म्हणालो.

"मिळेल की. नाही मिळाला तर घुंगरं आहेतच."

घुंगरांचं असं होतं. माझं गाव हुपरी. आमच्याकडे तीन पिढ्या चांदीचे पैंजण होतात. मी गाणं शिकायला मिरजेला निघालो तेव्हा वडिलांनी आरडाओरडा केला नाही, अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "सहा वर्षं दिली. पहिला वर्ग आला तर गवई हो, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आला तर जूनपासून इथं बसून घुंगरांना डाख द्यायचा." वडील शब्दाचे पक्के होते. माझी बसायची जागा, चांदीचे सांधे जोडायची फुंकणी आणि चिमटा त्यांनी सहा वर्षं पुसून ठेवला होता. सुट्टीत घरी गेलो की ती जागा मला दिसायची.

म्हणजे त्या दुपारच्या अर्ध्या तासात मी गवई होणार की डाख देणार हे ठरायचं होतं. सदरा सरळ करायला वेळ नव्हता.

सभागृहात शिरलो तेव्हा व्यासपीठावर मधोमध, झेंडूचा हार घातलेली, ती पेटी होती.

पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. तेव्हा नुकतीच निघालेली तंबोऱ्याची विजेची पेटी. बटण दाबलं की तंबोऱ्यासारखा आवाज सुरू होई आणि बटण बंद करेपर्यंत थांबत नसे. आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब घोरपडे यांनी ती मुंबईहून आणून संस्थेला भेट दिली होती. दादासाहेब साखर कारखान्याचे माजी उपाध्यक्ष होते आणि माणसाची कामं यंत्राने केली की ती चांगलीच होतात असा त्यांचा कारखान्यातला अनुभव होता.

"आता पोरींनी मागं बसून तासन्‌तास तारा छेडायला नकोत," ते पेटीपुढे नारळ फोडताना म्हणाले होते. "बटण दाबायचं आन्‌ गायचं. काय ओ बुवा?"

आमचे गुरू अण्णाबुवा कागवाडकर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पेटी बराच वेळ ऐकली.

"छान आहे," ते म्हणाले. "गोमाशी डब्यात कोंडल्यावर असाच आवाज येतो."

दादासाहेबांना ही स्तुती वाटली. त्यांनी फर्मान काढलं की यंदाची परीक्षा पेटीवरच व्हायची, आपण स्वतः ऐकायला येणार. मला ते सोयीचंच होतं. तंबोरा लावता लावता मला घाम फुटायचा. पेटीवरच्या चकतीवर खूण केलेली होती. काटा खुणेवर नेला की काळी एक.

काळी एक म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी. तो माझा सा. बुवांनी पहिल्या दिवशी गळा तपासून तो मला नेमून दिला होता आणि सोबत एक आज्ञा. सहा वर्षांत बुवांनी मला अनेक राग शिकवले, पण आज्ञा एकच दिली.

"तंबोरा सोडायचा नाही. तबलजी चुकेल, हार्मोनियमवाला भलतीकडे जाईल, समोरचे उठून घरी जातील. तू तंबोऱ्याला चिकटून राहायचं."

मी चिकट होतोच.

मी बसलो. उजवीकडे तबल्यावर मुल्ला मास्तर, डावीकडे हार्मोनियमवर पाटणकर मास्तर. पाटणकर मास्तरांचा कान असा होता की रस्त्यावरून स्कूटर गेली तर ती कुठल्या पट्टीत गेली ते सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच स्कूटर अर्धा सूर वर गेली तर मालकाला थांबवून विचारायचे. समोर तीन परीक्षक. दोघं स्थानिक असल्यामुळे झोपायच्या तयारीत होते. मधले बाहेरगावचे, पंडित श्रीनिवासराव खानापुरे. ते डोळे मिटून ऐकत. त्यांनी डोळे मिटले की गाणं सुरू झालं असं समजायचं, आणि उघडले की संपलं. त्यांच्या शेजारी दादासाहेब. बुवा सगळ्यांत मागे, खिडकीजवळ.

दादासाहेबांनी स्वतः येऊन बटण दाबलं. खानापुऱ्यांनी डोळे मिटले. मी भीमपलासी सुरू केला.

पाच मिनिटं सगळं ठीक चाललं. सहाव्या मिनिटाला वीज गेली.

पंखे थांबले, दिवे गेले, पण पेटी थांबली नाही. क्षणभर अडखळली आणि पुन्हा गुणगुणू लागली. तिच्यात विजेला पर्याय म्हणून चार मोठे सेल होते. दादासाहेबांनी अभिमानाने मान वळवून मागे बसलेल्या लोकांकडे पाहिलं.

मला मात्र दरदरून घाम आला, कारण ते सेल पेटीचे नव्हते.

त्याचं असं की त्या आठवड्यात कसोटी सामना चालू होता. आमच्या वसतिगृहाच्या खोल्यांत एक दिवा होता आणि प्लग नव्हता. माझ्या ट्रान्झिस्टरचे सेल पहिल्याच दिवशी चहाच्या वेळेपर्यंत मरायला टेकले. पेटीच्या कपाटाची किल्ली शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून माझ्याकडे असे. पेटी चालते विजेवर, तिला सेल कशाला, असा विचार करून मी तिचे कोरे करकरीत सेल काढले आणि माझे तिच्यात घातले. सामना संपला की परत जागेवर ठेवणार होतो. परीक्षेच्या दिवशी सामन्याचा चौथा दिवस होता.

आता ही बया मध्येच बंद पडणार, या भीतीने मी गात होतो. कान तिच्याकडे लावून, सगळा जीव तिच्यात ओतून. पण ती बंद पडली नाही. आवाज थोडा नाजूक झाला, एवढंच. मी मनातल्या मनात तिचे आभार मानले आणि आलापी पुढे नेली.

थोड्या वेळाने माझं पाटणकर मास्तरांकडे लक्ष गेलं. त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता. ते एक पट्टी दाबत, लगेच सोडत, माझ्याकडे बघत, पेटीकडे बघत, पुन्हा दाबत. मला वाटलं, दुपारच्या जेवणात वाटाण्याची उसळ होती ती त्यांना बाधली. मग एकाएकी त्यांनी बोटं एक घर डावीकडे सरकवली आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन मिनिटं ते स्वर्गात असल्यासारखे वाजवत होते. मग पुन्हा दाढ दुखायला लागली.

तिकडे मुल्ला मास्तरांनी वेगळंच आरंभलं होतं. दर दोन-तीन आवर्तनांनी ते हातोडी उचलत, तबल्याला खालून चार ठोके घालत आणि काहीच झालं नाही असा चेहरा करून पुढे वाजवू लागत. गाणाऱ्याने इतका पक्का सूर लावलेला असताना तबला पुन्हा पुन्हा कसला लावायचा? माझी खात्री झाली की हे दोघं मिळून मला पाडायला बघताहेत. बुवांची आज्ञा आठवली. तबलजी चुकेल, हार्मोनियमवाला भलतीकडे जाईल. अगदी तसंच घडत होतं. मी डोळे मिटले आणि पेटीला आणखी चिकटलो.

द्रुत चालू झाली. आज आवाज खर्जात फार छान लागतोय, आणि वरचा सा तर हाताला येईल इतका जवळ आहे, असं मला जाणवलं. सहा वर्षांत मी इतक्या सहजपणे कधी गायलो नव्हतो. पाटणकर मास्तरांनी हार्मोनियमचा भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवून ते छताकडे पाहत राहिले.

मी शेवटची तान घेतली, वरच्या सा वर जाऊन उभा राहिलो, आणि वीज आली.

पेटी एकदम गरजली. तिचा आवाज दुप्पट झाला आणि मला खालून कोणी तरी धक्का दिल्यासारखं झालं. विचार करायला वेळ नव्हता. मी पेटीला चिकटलेला होतो. ती उडाली तसा मीही उडालो, आणि जिथे ती थांबली तिथे जाऊन बरोबर उभा राहिलो. पंखे सुरू झाले. सम आली.

"क्या बात है!" खानापुरे ओरडले आणि त्यांनी डोळे उघडले. त्या आवाजाने बाकीच्या दोन परीक्षकांनीही उघडले. दादासाहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

खानापुऱ्यांना राहवेना. निकाल कागदावर द्यायचा असतो हे विसरून ते तिथल्या तिथे बोलायला उभे राहिले.

"साथीदार ढळले," ते म्हणाले. "हार्मोनियम भरकटली, शेवटी तर वाजवणाऱ्याने हातच टेकले. तबला दर पाच मिनिटांनी लावावा लागत होता. पण या मुलाचा सूर तंबोऱ्यापासून केसभर हलला नाही. तुमच्या दारावर जे लिहिलं आहे ते मी आज या मुलात पाहिलं. आणि शेवटी ती झेप! पहिला वर्ग. विशेष प्रावीण्यासह."

पाटणकर मास्तरांनी हार्मोनियमवर झाकण ठेवलं, त्यावर शाल पांघरली आणि बाहेर गेले. पुढचे चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

माझ्यामागून वसुधाची पाळी होती. तिने बसण्याआधी हात जोडले. "दादासाहेब, मला तंबोरा द्याल का? पेटीवर मला नाही जमायचं."

"आगं, एवढं ह्यानं गायलं की पेटीवर!"

"त्याचं त्यालाच जमतं," वसुधा म्हणाली.

तंबोरा आणून लावण्यात वीस मिनिटं गेली. खानापुऱ्यांची गाडी पावणेचारची होती. वसुधाला गायला जेमतेम दहा मिनिटं मिळाली, आणि दुसरा वर्ग.

बाहेर आलो तेव्हा मी पाटीखाली नमस्कार करायला थांबलो. मागून वसुधा आली.

"अभिनंदन. काळी एकवर बसलास, पांढरी सातवर उतरलास आणि विमानाने परत आलास."

"म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. थट्टा तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू पुसली गेली.

"तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"अरे, पेटी उतरत होती. सेल कमजोर झाले की सूर खाली येतो तिचा. वीज गेल्यापासून ती खाली खाली चालली होती आणि तू तिचं बोट धरून चालला होतास. पूर्ण एक सूर उतरलास, थेट खालच्या सप्तकातल्या सातव्या पांढऱ्या पट्टीवर. मास्तर बिचारे तुझ्यामागून पट्ट्या बदलत होते. दोन पट्ट्यांच्या मध्ये असलास की त्यांना वाजवायला जागाच नव्हती. आम्हाला खिडकीबाहेर ऐकवेना."

मी पाटीकडे पाहिलं. सूर चार बोटं खाली होता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "खानापुऱ्यांनाही नाही कळलं. तुझं झालं ना काम? घुंगरं वाचली." आणि मग, मला वाटतं पहिल्यांदाच, तिने माझ्याशी बोलताना काय बोलावं याचा विचार केला. "सदरा सरळ करून जा बुवांकडे."

बुवा वर्गात एकटे बसले होते. तंबोरा मांडीवर घेऊन त्याच्या तारा सैल करत होते. मी पाया पडलो.

"ये. बस. पहिला वर्ग आला म्हणे."

"बुवा, पेटी उतरत होती."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"वीज गेल्यावर अर्ध्या मिनिटात. तुला कधी कळलं?"

"आत्ता. वसुधाने सांगितल्यावर."

बुवांनी खुंटी पिळायची थांबवली. मग पुन्हा पिळू लागले.

"तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हणालो, "तंबोरा सोडायचा नाही."

"म्हणालो होतो. चूक तुझी नाही, माझं सांगणं अर्धं राहिलं. मला वाटलं उरलेलं अर्धं आपोआप येतं. वसुधाला आलं, म्हणून मला वाटलं येतंच." त्यांनी तंबोरा भिंतीला टेकवला. "शशी, गवयाच्या आत एक सा असतो. बाहेरचा तंबोरा हलला की तो आतून ओरडतो. अरे थांब, म्हणतो. तुझा ओरडला नाही."

खाली रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"त्या खानापुऱ्यांचाही नाही ओरडला," मी शेवटी म्हणालो.

"ते परीक्षक आहेत," बुवा म्हणाले.

मी म्हणालो, "बुवा, वडील आता गाऊ देतील मला. शब्द दिलाय त्यांनी. मी काय करू?"

"विचारतोयस?"

"विचारतोय."

"मग नको विचारूस," बुवा म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. सहा वर्षांत इतक्या प्रेमाने ते कधी बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला उत्तर कळलं.

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"शशी. ती पेटी आल्यापासून कायम विजेवर चाललीय. सेल तर कोरे असायला हवे होते."

"मी बदलले होते. ट्रान्झिस्टरला घातले."

"कशाला?"

"कॉमेंटरी ऐकायला."

त्यांनी ही गोष्ट गंभीरपणे विचारात घेतली.

"मग? कोण जिंकतंय?"

"उद्या शेवटचा दिवस आहे, बुवा."

वडिलांनी शब्द पाळला. निकालाचा कागद चांदीच्या फ्रेममध्ये बसवून दुकानात लावला आणि माझी फुंकणी धाकट्या भावाला दिली. मी हुपरीला आलो की ते गिऱ्हाइकांना सांगत, हा गवई. मी दोन वर्षं गणेशोत्सवांत गायलो. लोक शांतपणे ऐकत आणि आरतीला उठत. सोबत हार्मोनियमला कोण आहे हे मी आधी विचारून घेत असे आणि पाटणकर मास्तर असतील तर तब्येत बरी नसल्याचं कळवत असे. वसुधाचं नाव तोवर पुण्यात होऊ लागलं होतं. आता तिच्या मैफलींना मी पहिल्या रांगेत बसतो. ती स्वतः तंबोरे लावते, मग पदर सावरता सावरता मला शोधते आणि छताकडे बोट दाखवून विचारते, वीज आहे ना? मी मान डोलावतो. मग ती गाते, आणि ते अर्धं, जे मला आलं नाही, ते मी दोन तास समोर बसून ऐकतो.

पहिल्या रांगेचा पास मला फुकट मिळतो, कारण गेली एकोणीस वर्षं मी परीक्षक आहे. तीन जिल्ह्यांतली केंद्रं माझ्याकडे असतात. मी डोळे मिटून ऐकतो. निकालाच्या कागदावर सुराच्या रकान्यात सहसा 'पक्का' असं लिहितो, आणि साथीदारांबद्दल काही लिहीत नाही.

सामना अनिर्णित राहिला.